रिपोर्टमधली अक्षरं : एसएम, रो, ला... आणि आपलं भिगवण

हल्ली आपल्याकडच्या बऱ्याच घरांच्या दवाखान्याच्या फाइलीत ‘एएनए प्रोफाइल’ नावाचा एक कागद सापडतो. रक्त शिरूरला नाहीतर दौंडला काढलं जातं, नमुना पुण्याच्या किंवा मुंबईच्या मोठ्या लॅबकडे जातो, दोन-चार दिवसांनी मोबाईलवर पीडीएफ येते. बिल काही हजारांचं. त्यात ओळीने अक्षरं लिहिलेली असतात : एसएम, आरएनपी, एसएस-ए/रो, एसएस-बी/ला, जो-१. समोर पॉझिटिव्ह नाहीतर निगेटिव्ह. करोनाने ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द आपल्या डोक्यात असा काही बसवलाय की तो दिसला की घरात रडारड सुरू.

कुणालाही वाटेल ही रसायनांची नावं असतील. तशी ती नाहीत. एसएम म्हणजे स्मिथ. रो, ला, जो हीसुद्धा माणसांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं आहेत. डॉक्टरांच्या नाही, शास्त्रज्ञांच्याही नाही. पेशंटच्या.

सांधे धरणं, ताप येत-जात राहणं, केस गळणं, उन्हात खुरपायला गेलं की गालावर आणि नाकावर फुलपाखराच्या पंखांसारखा लाल चट्टा उठणं. ही लक्षणं ज्या बाईला आहेत तिला आपल्याकडे आधी ‘वात’ सांगितला जातो, मग ‘रक्त कमी आहे’, मग ‘टेन्शन घेऊ नका’. पुण्यात मोठ्या डॉक्टरकडे पोचेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आजाराचं नाव एसएलई, म्हणजे लुपस. दहा पेशंटमध्ये नऊ बायका, त्याही बहुतेक तरुण. शरीराची संरक्षण यंत्रणा बाहेरच्या जंतूंवर सोडायची हत्यारं आपल्याच पेशींवर सोडते, असा हा आजार. मूत्रपिंडापर्यंत गेला तर जिवावर बेततो.

ही हत्यारं म्हणजे अँटीबॉडी, मराठीत प्रतिपिंड. लस घेतल्यावर तयार होतात त्याच जातीची. अँटीबॉडीचा गुण असा की ती आपलं एकच लक्ष्य ओळखते आणि त्यालाच चिकटते. लाखो रेणूंच्या गर्दीत नेमका तोच धरते. पुढची सगळी गोष्ट या एका गुणावर चालते.

१९४८ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या माल्कम हारग्रेव्हज यांना लुपसच्या पेशंटच्या अस्थिमज्जेत एक विचित्र पेशी दिसली. तिने दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळलेलं होतं. तिला एलई सेल म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांनी ही तपासणी कॉलेजात केलेली असेल. मग १९५७ च्या आसपास वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की या पेशंटच्या रक्तात पेशीच्या केंद्रकावरच रोखलेल्या अँटीबॉडी असतात. अँटी-न्यूक्लिअर अँटीबॉडी. तीच आपली एएनए. पण केंद्रकात तर हजारो गोष्टी. त्यातल्या नेमक्या कशावर?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हेन्री कुंकेल नावाचे मोठे डॉक्टर होते. त्यांच्याकडे स्टेफनी स्मिथ ही मुलगी उपचाराला येत असे. किशोरवयातच लुपस झालेली, पुढे चित्रकार झालेली. कुंकेल यांच्याकडे शिकायला आलेले एंग टॅन मूळचे मलायाचे. या दोघांनी तिच्या रक्तातला पिवळसर द्राव, म्हणजे सिरम, घेतला. अगरच्या मऊ थरात दोन खड्डे केले, एकात तिचं सिरम घातलं, दुसऱ्यात वासराच्या थायमस ग्रंथीचा अर्क. दोन्ही पाझरत एकमेकांकडे सरकले आणि जिथे अँटीबॉडीला तिचं लक्ष्य भेटलं तिथे एक बारीक पांढरी रेघ उमटली. एवढाच प्रयोग. ही रेघ आधी माहीत असलेल्या कुठल्याच पदार्थाची नव्हती. नव्या पदार्थाला नाव द्यायचं म्हणून त्यांनी पेशंटच्या आडनावाची दोन अक्षरं घेतली, एस आणि एम. निबंध १९६६ मध्ये छापून आला. स्टेफनी त्यानंतर फार जगली नाही, तरुणपणीच गेली.

बफेलोच्या मॉरिस राइशलिन यांनीही तोच रिवाज पुढे चालवला. १९६९ मध्ये ‘रो’, १९७४ मध्ये ‘ला’. त्याच दोन गोष्टी टॅन यांच्या गटाला वेगळ्या वाटेने सापडल्या, त्यांनी त्यांना एसएस-ए आणि एसएस-बी म्हटलं. नंतर कळलं की दोन्ही एकच. म्हणून आपल्या रिपोर्टवर अजून ‘एसएस-ए/रो’ असं दुहेरी लिहितात, सातबाऱ्यावर ‘उर्फ’ लावून दोन नावं येतात तसं.

नावावरून एक आठवलं. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही लोकांचं रक्त नेहमीच्या ए, बी, ओ कशातच बसत नाही असं दिसलं. वरवर ते ओ गटाचं वाटायचं, पण त्यांच्या रक्तातली अँटीबॉडी ओ गटाच्या रक्तालाही सोडत नव्हती. १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. तिथे नाव पेशंटचं लागलं नाही, शहराचं लागलं : बॉम्बे ब्लड ग्रुप. शहराचं नाव मुंबई झालं, रक्तगट बॉम्बेच राहिला. पण शोधाची तऱ्हा तीच. पेशंटच्या रक्तातल्या अँटीबॉडीनेच वाट दाखवली.

तर एसएम आहे हे कळलं, पण एसएम करतं काय? दहा-बारा वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

इथे थोडं शास्त्र आलं, पण आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो म्हणजे सोपं जाईल. वार्ताहर बातमी पाठवतो पाचशे शब्दांची. डेस्कवर बसलेला उपसंपादक मधला फापटपसारा काढतो, उरलेले तुकडे जोडतो, मग ती छपाईला जाते. पेशीतही हेच चालतं. केंद्रकात डीएनएची मूळ प्रत असते, तिच्यावरून आरएनए नावाची नक्कल निघते. पण या नकलेत मध्ये मध्ये नको असलेला मजकूर असतो, हे १९७७ मध्ये लक्षात आलं. त्या शोधाला पुढे १९९३ चं नोबेल मिळालं. नको तो मजकूर कापून जोडणारा उपसंपादक कोण, हा प्रश्न मात्र तसाच होता.

येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी लुपसच्या पेशंटचं सिरम घेतलं आणि पेशींच्या अर्कात टाकलं. त्यातल्या अँटीबॉडीने एसएम प्रोटीन धरलं. ते बाहेर ओढलं तर कांदा उपटल्यावर मुळाला माती यावी तसे आरएनएचे छोटे छोटे तुकडे त्याच्याबरोबर आले. म्हणजे एसएम हे सुटं प्रोटीन नव्हतंच. आरएनएला घट्ट धरून बसणाऱ्या केंद्रकातल्या प्रोटीनांचा तो एक संच निघाला. हे १९७९ सालचं. त्यातल्या एका तुकड्याचा मजकूर तपासला तर तो नकलेत जिथे कात्री लागते त्या जागेशी जुळत होता. १९८० मध्ये त्यांनी लिहिलं की उपसंपादक बहुधा हाच. आणि तोच निघाला. माझ्या, तुमच्या, उसाच्या, कांद्याच्या प्रत्येक पेशीत ही कापाकापी चालू असते. तिची यंत्रणा पहिल्यांदा हाताला लागली ती लुपस झालेल्या माणसांच्या रक्तामुळे. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं शोधत होते, आणि हत्यार आजारी माणसांच्या अंगात आधीच तयार होतं.

स्टाइट्झ बाईंना याबद्दल नोबेल मिळालेलं नाही. २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. माझ्या मते हे कमी आहे, पण माझं मत विचारतो कोण.

आता पेशंटचं सिरम ही काही कायम टिकणारी वस्तू नाही. पेशंट बरा होतो, किंवा जातो, बाटली संपते. शिवाय एका सिरममध्ये दहा प्रकारच्या अँटीबॉडी मिसळलेल्या असतात. यावरचा इलाज १९७५ मध्ये केंब्रिजच्या कोहलर आणि मिलस्टाइन यांनी शोधला होता. अँटीबॉडी बनवणारी पेशी आणि कधीच न मरणारी कॅन्सरची पेशी, दोघींचा संकर करायचा. मग ती संकरित पेशी एकाच जातीची अँटीबॉडी हवी तितकी वर्षं बनवत राहते. याला मोनोक्लोनल म्हणतात. या कामाला १९८४ चं नोबेल मिळालं. आज कॅन्सरची जी महागडी इंजेक्शनं आपण ऐकतो त्यातली कितीतरी याच वाटेने आलेली.

नेहमी त्यासाठी उंदराला आधी हवा तो पदार्थ टोचावा लागतो. लर्नर, स्टाइट्झ आणि सहकाऱ्यांनी असा उंदीर घेतला ज्याला लुपस आपोआपच होतो. टोचायची गरजच नाही, त्याच्या अंगात एसएमविरुद्धची अँटीबॉडी तयारच. त्यातून १९८१ मध्ये वाय-१२ नावाची अँटीबॉडी मिळाली. ती आजही बाटलीत विकत मिळते. जगभरच्या प्रयोगशाळा केंद्रकातलं हे आरएनए धरणारं प्रोटीन कुठे आहे, किती आहे हे बघायला ती वापरतात. कॅटलॉगमध्ये फक्त बाटलीचं माप, किंमत आणि ‘अँटी-एसएम’ एवढंच असतं.

आणि आपल्या रिपोर्टच्या पहिल्या भागातही एक बाई आहे. एएनएची मूळ तपासणी करताना काचेवर वाढवलेल्या मानवी पेशींवर पेशंटचं सिरम टाकतात आणि हिरवा प्रकाश कुठे चमकतो ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्या पेशींचं नाव हेप-२. बरीच वर्षं त्या घशाच्या कॅन्सरच्या पेशी समजल्या जात. जनुकीय तपासणीत कळलं की त्या हेला आहेत. हेला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स, अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई, तंबाखूच्या शेतात वाढलेली, १९५१ मध्ये बाल्टिमोरला कॅन्सरने गेलेली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता ठेवून घेतला होता. तिच्या पेशी एवढ्या जोमाने वाढल्या की दुसऱ्यांच्या बाटल्यांत शिरून त्यांनाही गिळून बसल्या. तिच्या वारसांना एका मोठ्या कंपनीकडून तडजोडीचे पैसे मिळाले ते २०२३ मध्ये, म्हणजे बाहत्तर वर्षांनी. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे असल्या पेशींचं भांडार आहे आणि देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशी जातात. तेव्हा ही गोष्ट वाटते तेवढी लांबची नाही.

त्याहून जवळची गोष्ट भिगवणची. दौंडहून सोलापूरकडे निघालं की उजनीच्या पाण्याच्या कडेला भिगवण लागतं. आपल्याला ते रोहित पक्षी आणि माशांसाठी माहीत. पण जगभरच्या संधिवाताच्या डॉक्टरांना हे नाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली भिगवणमध्ये घरोघर पाहणी केली. दवाखान्यात येईल त्याला मोजायचं नाही, घरी जाऊन विचारायचं : दुखतं का, कुठे दुखतं, कधीपासून, काम अडतं का. स्थानिक कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं, पाठोपाठ डॉक्टरांनी तपासलं. साधारण चार हजार प्रौढ माणसं. त्यात १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी निघाली, आणि त्यात बायका जास्त. बहुतेक दुखणी कामाने आलेली, झिजेची, कंबर-गुडघ्याची. खरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, दोनशे माणसांत साधारण एकाला.

या पाहणीआधी खेड्यातल्या बाईचं अंग दुखतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण मोजलेलं नव्हतं. ज्याची मोजणी नाही त्याला बजेट नाही, हे ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत सारखंच. भिगवणचे आकडे पुढे देशातल्या इतर पाहण्यांच्या शेजारी ठेवून वाचले गेले. माझं दुःख एवढंच की शिरूर-न्हावरे-चौफुला या पट्ट्यात, जिथून भिगवण गाडीने फार लांब नाही, तिथे याची चर्चा मी कधी ऐकली नाही. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, आपल्याच आया-बहिणींची गुडघी.

या आकड्यांत लुपस अगदी थोडा. दिल्लीजवळच्या खेड्यांत केलेल्या एका जुन्या पाहणीत लाखाला तीन-चार पेशंट निघाले होते. म्हणजे अंग दुखणाऱ्या शंभर बायकांपैकी जवळपास कुणालाच लुपस नसतो. मग एएनए कुणाची करायची? इथेच सध्या गडबड चालू आहे. अंगदुखी म्हटलं की तपासण्यांच्या ‘पॅकेज’मध्ये एएनए घालून दिली जाते. टॅन यांनीच, स्टेफनी स्मिथवर काम केलेल्या त्याच टॅन यांनी, १९९७ मध्ये अनेक देशांतल्या प्रयोगशाळा जोडून निरोगी माणसांची एएनए तपासली होती. सिरम ४० पट पातळ केलं तर तीन निरोगी माणसांत जवळपास एक पॉझिटिव्ह. ८० पट केलं तरी १३ टक्के. १६० पटीला ५ टक्के. म्हणून नुसता ‘एएनए पॉझिटिव्ह’ हा आजार नव्हे. तो कागद घेऊन घाबरलेली माणसं मी बघितली आहेत. आणि बरोबर उलट, खरी लुपसची बाई कुठल्या तरी पुड्या खात वर्षं काढते. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं, त्यामुळे महिना-दोन महिने बरं वाटतं आणि नंतर सगळं उसळून येतं. एसएमची ओळ पॉझिटिव्ह असणं ही मात्र वेगळी गोष्ट. ती निरोगी माणसात सहसा सापडत नाही. सगळ्या लुपस पेशंटमध्येही नसते, पण असली तर निदानाला मोठं वजन येतं. १९८२ च्या अमेरिकी निकषांत ती घातली गेली, आणि त्या निबंधावरही पहिलं नाव टॅन यांचंच.

लुपसच्या पेशंटचं रोजचं औषध म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. मूळ हिवतापाच्या घराण्यातलं, अमेरिकेत १९५५ मध्ये मान्यता मिळालेलं, स्वस्त, वर्षानुवर्षं घ्यायचं. डोळ्यांची तपासणी अधूनमधून करावी लागते, बाकी फार त्रास नाही. हे नाव सगळ्या देशाला कळलं २०२० च्या मार्चमध्ये. आयसीएमआरने करोनापासून बचावासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णाच्या घरातल्यांना ही गोळी सुचवली. २५ मार्चला निर्यातबंदी, एप्रिलमध्ये अमेरिकेच्या मागणीनंतर ती सैल. बातम्यांत आपण ‘जगाला औषध पुरवणारा भारत’ असं छापत होतो. आणि त्याच दिवसांत रोजची गोळी रोज लागणाऱ्या लुपसच्या बायकांना मेडिकलमध्ये ती मिळत नाही अशा तक्रारी देशभरातून येत होत्या. लॉकडाऊन, गाड्या बंद, पुण्याला जायची सोय नाही. ज्यांना लागत नव्हती त्यांनी घरात साठवून ठेवली. जूनपर्यंत ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतून स्पष्ट झालं की करोनाच्या रुग्णांना तिचा उपयोग नाही. त्या तीन महिन्यांत जिचा आजार उसळला तिचा हिशोब कुठल्या आकडेवारीत नाही. आम्ही वार्ताहरांनीही ही बाजू फार कमी मांडली, हे नमूद करतो.

रिपोर्टमधली आणखी एक ओळ लोक वाचतच नाहीत, ती ‘रो’ची. ही अँटीबॉडी असलेली बाई वरून पूर्ण ठणठणीत असू शकते. पण गरोदरपणात अँटीबॉडी नाळेतून बाळाकडे जाते आणि शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाच्या ठोक्यांची वायरिंगच बिघडवते. ठोके मंदावतात, तो बिघाड पूर्ण झाला तर परत फिरत नाही. पुष्कळदा आईला आपल्यात ही अँटीबॉडी आहे हे कळतं ते बाळामुळेच. आधीचं एक बाळ असं झालं असेल तर पुढच्या खेपेला धोका बराच वाढतो, शंभरात पंधरा-अठरापर्यंत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा बायकांना गरोदरपणात सुरुवातीपासून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दिली, तर हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास आलं. पुन्हा तीच स्वस्त गोळी. अशा आईच्या बाळाचे ठोके चौथ्या महिन्यापासून सोनोग्राफीत मुद्दाम बघायचे असतात, आणि त्यासाठी डॉक्टरला ‘रो पॉझिटिव्ह’ हे आधी माहीत असावं लागतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात येते, डॉक्टर बदलतो, गाव बदलतं आणि फाइल सासरी कपाटात राहते. सातवा महिना यासाठी उशिराचा आहे. तेव्हा ज्या घरात असा रिपोर्ट आहे त्यांनी त्यातली रोची ओळ आज काढून बघा. ती पॉझिटिव्ह असेल तर दिवस राहिले की पहिल्याच भेटीत तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि माहेरी निघताना मुलीच्या पिशवीत मूळ कागद घाला.